मुहूर्तापर्यंत जपायचा खडा

माणसाच्या शरीरात काय साठावं हे निसर्ग ठरवतो. ते बाहेर केव्हा यावं हे मात्र समाजाने ठरवायचं असतं. बाळंतपणापासून दातापर्यंत ही गोष्ट आपण सगळ्यांनी कमीजास्त मान्य केलीच आहे. मुतखड्याच्या बाबतीत ती पहिल्यांदा मान्य झाली कुंभकोणम् गावी, सन १९९५ मध्ये, आणि ती पाळून दाखवली तालुका कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क नरसिंहराव यांनी.

नरसिंहराव हे कुंभकोणम् मराठी हितवर्धक सभेचे सभासद. ही सभा म्हणजे मराठा राजांच्या काळात तंजावर प्रांतात आलेल्या आणि मग परत जायचं राहून गेलेल्या कुटुंबांची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांची मराठी पुण्याच्या पाहुण्याच्या कानावर पडली की तो आधी हसतो, मग हात जोडतो, आणि शेवटी ‘किती जुनं जपलंय हो तुम्ही’ असं म्हणून कॉफीचा दुसरा टंबलर मागतो. सभेची उद्दिष्टं तीन: वार्षिक बैठक भरवणं, मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचणं, आणि इतर.

‘इतर’मध्ये सभेची दुमजली इमारत येते. वर दिवाणखाना, खाली भाडेकरू डॉक्टर गुरुमूर्ति यांचं बारा खाटांचं इस्पितळ. डॉक्टर तरुण, मद्रासला शिकलेले, सरळ मनाचे. (डॉक्टर तमिळच बोलत. त्यांचं बोलणं इथे मराठीत दिलं आहे, ते जसं होतं त्याहून थोडं कमी वैतागलेलं.) त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी लेझरचं यंत्र आणलं. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण आत घालायची, तिच्यातून केसासारखी तार सरकवायची, तारेच्या टोकातून प्रकाश सोडायचा. खड्याचं पीठ होतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, दुसऱ्या दिवशी रोगी घरी. डॉक्टरांचा बेत असा की सोमवारी खोकं फोडायचं आणि मंगळवारी कामाला लागायचं. माणूस हुशार, पण व्यवहार शून्य.

“अहो डॉक्टर,” सभेचे चिटणीस त्रिविक्रमराव म्हणाले, “आमच्या छपराखाली नवं कार्य आणि पत्रिका नाही? लोक म्हणतील, ही माणसं जिवंत आहेत का नाहीत!”

त्रिविक्रमराव हे गावातल्या प्रत्येक कार्यात पहिल्या रांगेत असत. ते कार्य कुणाचं आहे याची चौकशी ते नंतर करत. त्यांनी तातडीची बैठक बोलावून ठराव केला की लेझरचं उद्घाटन सभेतर्फे होईल, रीतसर होईल, आणि पहिला रोगी सभेचा सभासदच असेल.

मुतखडा हा तोवर गावात लपवायचा आजार होता. ठरावाची बातमी फुटताच तो मिरवायचा झाला. आठ दिवसांत चौदा अर्ज आले. छाननीचा निकाल पुढीलप्रमाणे:

खडा असावा अशी नुसती इच्छा: पाच.
गॅस: चार.
खडा आहे, पण पित्ताशयात (दुसऱ्या खात्याचा विषय म्हणून परत): दोन.
खडा होता, १९७१ साली (भावना नोंदवून घेतल्या): एक.
खडा आहे, पण अर्जदाराचा नसून त्याच्या साडूचा: एक.
पात्र: एक.

तो एक म्हणजे नरसिंहराव. डावी मूत्रवाहिनी, सहा मिलिमीटर, एक्स-रेच्या फोटोत तांदळाच्या दाण्यासारखा स्पष्ट. निवड एकमताने झाली, आणि ज्यांना गॅस निघाला होता त्यांनीसुद्धा मोठ्या मनाने हात वर केले.

आता नरसिंहरावांना यात एवढं काय वाटावं, असं कुणी विचारेल. तर ऐका. या माणसाने चौतीस वर्षं कचेरीत बसून दुसऱ्यांची नावं लिहिली. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत वडिलांचं नाव बोटभर अक्षरात आणि यांचं खाली मुंगीएवढं. त्यातही छापखान्यात ‘सिं’चा खिळा मोडलेला, म्हणून ‘नरहराव’. निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीच्या फळ्यावर नाव होतं ते त्यांच्या जागी येणाऱ्याचं. आणि आता पत्रिकेचं प्रूफ हातात आलं: मराठी, तमिळ, इंग्रजी अशा तीन भाषांत, मधोमध, जाड टायपात, ‘पहिले लाभार्थी: श्री. नरसिंहराव’. त्यांनी ते अकरा वेळा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून चष्मा पुसला आणि बाराव्यांदा वाचलं. मग आत जाऊन बायकोला, अंबुजाबाईंना, वाचून दाखवलं.

“बरें छापलें आहे,” अंबुजाबाई म्हणाल्या. “पण हें काढणार केव्हां? रोज कळवळतां तें बघवत नाही मला.”

इथे घोडं अडलं होतं. यंत्र आलं तोवर तमिळ पंचांगातला आनि महिना संपत आला होता, आणि पुढे उभा होता आडि. आडि महिन्यात या मुलखात शुभकार्य करत नाहीत. लग्न नाही, वास्तुशांत नाही, नवं खोकं फोडणं नाही. म्हणून मुहूर्त निघाला थेट त्यापुढच्या आवणि महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला, बुधवार, सकाळी सव्वादहा. मूत्रपिंडाला पंचांग कळत नाही ही त्याची अडचण; पंचांगाची नव्हे.

आणि एकदा पत्रिका निघाली की निघाली. तिच्या चारी कोपऱ्यांना हळद लावतात, पहिली प्रत गावच्या देवळात शार्ङ्गपाणीच्या पायाशी ठेवतात, आणि मग ती घरोघर वाटतात. त्यानंतर नवऱ्याचं मन बदललं तरी चालतं, नवरीचं बदललं तरी चालतं, स्वयंपाकी पळाला तरी दुसरा मिळतो. पण पत्रिका बदलत नाही. हळद लागलेला कागद खोटा पडला तर त्या घराचं पुढे काही धड होत नाही, अशी श्रद्धा आहे. तिची कधी परीक्षा झालेली नाही, कारण तेवढी हिंमत कुणी केलेली नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की पत्रिकेतला खडा बुधवारपर्यंत जागेवर राहायला हवा. त्रिविक्रमरावांनी परिपत्रक काढलं:

एक: लाभार्थींनी दिवसाला तीन टंबलरांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये.
दोन: केळीच्या खांबाचा गाभा, त्याचा रस, त्याची भाजी अथवा त्याचा उल्लेख लाभार्थींच्या घरात होऊ नये. (या गाभ्याने खडा सुटतो असं गावातलं शेंबडं पोरही जाणतं.)
तीन: टाऊन बसच्या मागच्या सीटवर बसू नये. दारासुरम् येथील एका विणकराचा खडा अशा प्रवासात, तिकीट काढायच्या आत, निसटल्याचं ऐकिवात आहे.
चार: उड्या मारू नयेत.
पाच: कळ आल्यास ती उभ्याने सोसावी, असह्य झाल्यास चिटणीसांना लेखी कळवावं.

डॉक्टर गुरुमूर्ति हे वाचून खालून धावत वर आले. “पाणी बंद? अहो, पाणी जास्त प्यायला हवं! मी उद्याच्या उद्या काढून देतो, वीस मिनिटांचं काम आहे.”

“डॉक्टर,” त्रिविक्रमराव प्रेमाने म्हणाले, “वैद्यकी तुमची, छप्पर आमचं. तुमची वीस मिनिटं कुठे पळून जातात? आवणित घ्या.”

डॉक्टर खाली गेले.

आडि महिन्यात नरसिंहरावांना एकूण एकेचाळीस कळा आल्या. पैकी सत्तावीस साध्या, अकरा भारी, आणि तीन अशा की शेजारच्या घरातली माणसं भिंतीपलीकडून ‘नारायण, नारायण’ म्हणू लागली. नरसिंहरावांनी त्या सर्व उभ्याने सोसल्या. खांबाला मिठी मारायची, दात आवळायचे आणि डोळ्यांसमोर ती जाड टायपातली ओळ आणायची. लोक रस्त्यात थांबवून विचारत, “आहे ना अजून?” ते सांगत, “आहे, आहे.” विचारणारा समाधानाने पुढे जाई. अख्ख्या गावाने एका माणसाच्या प्रकृतीची इतकी काळजी वाहिल्याचं दुसरं उदाहरण मिळत नाही.

मुहूर्ताला सहा दिवस उरले असताना, सकाळी परसातल्या मोरीत, पितळेच्या तस्तात ‘टिण्ण’ असा आवाज झाला.

नरसिंहरावांना आधी कळेचना. मग कळलं की दुखत नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच काहीही दुखत नव्हतं. सकाळ छान होती, नारळीवर खार बसली होती, आणि माणसाला जगावंसं वाटावं असं सगळं होतं. हे सुख साधारण अर्धा मिनिट टिकलं. मग त्यांना पत्रिका आठवली.

“अगे!” ते ओरडले. “अगे अंबुजे! घात झाला! पडला!”

अंबुजाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी तस्तात वाकून पाहिलं आणि देवघराच्या दिशेने हात जोडले. “सुटलां एकदांचे. काल कोशिंबिरींत घातलें होतें मी केळीचें गाभें. बारीक चिरून. तुम्हांस काकडी वाटली.”

“काय केलंस हें! नाव छापलंय माझं! तीनशे घरांत पत्रिका गेल्या!”

“कळवळून मराल तें बघत बसूं काय मी?” अंबुजाबाईंचा आवाज चढला. मग त्यांनी तो दाणा बोटावर घेतला, उजेडात धरला, आणि भाजी निवडताना बोलतात तशा सहज म्हणाल्या, “एवढासा तर आहे. माझे तीन पडले ते याहून थोर होते.”

“तुझे?”

“अकरा वर्षांत तीन. एक तर सांबाराची फोडणी करतांना. आतां चवथा आहे, तो काही पडत नाही.”

नरसिंहराव पाटावर बसले. मग सगळं बाहेर आलं. महिन्यापूर्वी अंबुजाबाई नवऱ्याचे फोटो पोचवायला इस्पितळात गेल्या होत्या, तिथे पायरीवरच चक्कर येऊन बसल्या. डॉक्टरांनी आत नेऊन तपासलं. उजवं मूत्रपिंड, त्याच्या तोंडाशीच खडा, चौदा मिलिमीटर. वाट बुजत चालली आहे, पिंड सुजलं आहे, महिन्याभरात काढला नाही तर पिंडच जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. लेझरने लगेच होईल म्हणाले होते. पण लेझर खोक्यात होतं आणि खोकं आडिमध्ये.

“मग मला सांगितलं कां नाहीस?”

“तुमचा लग्नसोहळा चालला होता,” अंबुजाबाई म्हणाल्या. “त्यांत माझें काय सांगूं?”

नरसिंहरावांना लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मी इथे स्पष्ट करतो. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की आपलं नाव काढायचं आणि टेबलावर हिला झोपवायचं. खडा गेला तर गेला. घरात दुसरा आहे, मोठा आहे, आणि खरोखर काढायची गरज असलेला आहे. त्यांनी सदरा घातला आणि बोलायची वाक्यं पाठ करत त्रिविक्रमरावांचं घर गाठलं.

त्रिविक्रमरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते हाडाचे कार्यकर्ते. असल्या माणसाला संकट आलं की भूक लागते. त्यांनी दोन इडल्या मागवल्या आणि मग मुद्दे मांडले.

पहिला मुद्दा पत्रिकेचा. तिच्यात ‘श्री.’ छापलं आहे. ‘सौ.’ आणायची कुठून?

दुसरा मुद्दा भूगोलाचा. पत्रिकेत ‘डावी मूत्रवाहिनी’ असं आहे. अंबुजाबाईंचा खडा उजवीकडे, तोही वरच्या अंगाला. म्हणजे एक बाजू आणि एक वीत, अशा दोन चुका.

तिसरा मुद्दा मर्यादेचा. दुर्बिणीला कॅमेरा आहे आणि तारेने जोडून वरच्या दिवाणखान्यात मोठा रंगीत टीव्ही ठेवला आहे. तीनशे लोक आतलं दृश्य पाहणार. घरंदाज बाईचं आतलं दृश्य तीनशे लोकांना दाखवायचं?

चौथा मुद्दा काशीहलव्याचा. उद्घाटनाचा फराळ अंबुजाबाईंकडे सोपवला आहे. बाईच टेबलावर असतील तर हलवा ढवळणार कोण?

“पण खडाच नाही माझ्यात,” नरसिंहराव म्हणाले. “मी कशाला झोपूं?”

“नरसिंहा,” त्रिविक्रमराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “लग्नात नवरदेवाला कधी कुणी विचारतं का, तुझ्यात काय आहे म्हणून? तो घोड्यावर बसतो. बस. आणि सांगायचं नव्हतं तुला, पण शेवटी पोन्नाडै घालायचं ठरलंय. दारासुरम्‌ची. जरीच्या काठाची.”

पोन्नाडै म्हणजे मानाची शाल. या प्रांतात ती मंत्र्यांना, महाकवींना आणि निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना घालतात. हेडक्लार्कला घातल्याची नोंद नाही. नरसिंहराव पाठ केलेली वाक्यं एकेक करून विसरले.

“अंबुजेचं मग?” त्यांनी शेवटचं विचारलं.

“दुसऱ्या दिवशी! गुरुवारी! पहिला नंबर तिचाच. मी शब्द देतो.”

बैठक झाली. ठराव झाला की खडा पडल्याची घटना सभेच्या दप्तरात नोंदली जाऊ नये, सबब ती घडलेली नाही. आणि डॉक्टरांना कळवून उगाच त्यांच्या मनावर ताण देऊ नये. नरसिंहराव घरी आले. बायकोच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, “तुझं गुरुवारी आहे.”

“सरि, बरें,” अंबुजाबाई म्हणाल्या आणि हलव्यासाठी कोहळे किती लागतील ते बोटांवर मोजू लागल्या.

बुधवार उजाडला. सोहळा असा झाला की गावात आजही त्याचं नाव काढतात. दारात केळीचे खुंट, नादस्वर, आणि त्याच्या जोडीचा ढोल तविल. वर दिवाणखान्यात तीनशे माणसं आणि टीव्ही. प्रमुख पाहुणे होते मद्रासचे एक निवृत्त न्यायाधीश, मूळचे पट्टीश्वरम्‌चे. त्यांनी समई लावली. मग खाली येऊन यंत्राची पूजा.

या मुलखात यंत्र कुठलंही असो, लॉरी असो, शिवणयंत्र असो की उसाचा घाणा, पहिल्या दिवशी त्याला चंदन आणि कुंकू लावतात, त्याशिवाय ते यंत्र आपलं होत नाही. न्यायाधीशांनी चंदनाची वाटी हातात घेतली आणि तंत्रज्ञाला विचारलं, “याचं तोंड कुठे?” मद्रासहून आलेल्या तंत्रज्ञाने अदबीने, जिथून प्रकाश बाहेर पडतो आणि तार जोडायची असते ते चिमुकलं भोक दाखवलं. न्यायाधीश कुठलंच काम अर्धवट करणारे नव्हते. त्यांनी तिथे अंगठ्याने दाबून, भरगच्च, ओलं चंदन बसवलं आणि वर कुंकवाचा टिळा लावला. तविल जोरात वाजला. तंत्रज्ञ पांढराफटक पडला आणि खाली मान घालून उभा राहिला.

सव्वादहाला दुर्बीण आत गेली. नरसिंहरावांना पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलं होतं. ते शुद्धीवर होते आणि वरचा गलबला त्यांना ऐकू येत होता. टीव्हीवर गुलाबी, ओला, चमकणारा बोगदा दिसू लागला. सुरुवातीला लोक संकोचले. दोन मिनिटांत सरावले.

“डावीकडे वळलं, डावीकडे!”

“अरे वा, काय चकचकीत आहे! पान खात नाही ना, म्हणून.”

“हें काय, खडा काय?”

“छे, तो बुडबुडा.”

“आमच्या टीव्हीला असा रंग येत नाही बघा.”

खाली डॉक्टरांनी दुर्बीण वरपर्यंत नेली. पुन्हा खाली आणली. पुन्हा वर नेली. मग ते नरसिंहरावांच्या कानाशी वाकले.

“सर, इथे काही नाही.”

“ठाऊक आहे,” नरसिंहराव पुटपुटले.

डॉक्टरांनी यंत्राकडे मान वळवली. “आणि यंत्रातून प्रकाशही येत नाहीये. भोकात चंदन आहे.”

नरसिंहरावांनी थोडा विचार केला. चौतीस वर्षं सरकारी कागद हाताळलेला माणूस. “मग कुणाचंच अडत नाही,” ते म्हणाले.

खरोखरच अडलं नाही. खडा असता आणि प्रकाश नसता तर नामुष्की झाली असती. प्रकाश असता आणि खडा नसता तर धोका होता. दोन्ही नसल्यामुळे शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. डॉक्टरांनी दुर्बिणीचा दिवा दोनदा मालवून पेटवला. वर तीनशे लोकांनी ते चमकणं पाहिलं, कुणीतरी “फुटला!” म्हणून ओरडलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताचा गिलावा नरसिंहरावांच्या पोटावर पडला. त्रिविक्रमरावांनी चांदीच्या वाटीत ‘खड्याचं पीठ’ न्यायाधीशांपुढे धरलं (दारातल्या रांगोळीचं उरलेलं). न्यायाधीशांनी सवयीने ते बोटाला लावून डोळ्यांना लावलं. भाषणं झाली. चाकाच्या खाटेवर आडव्या असलेल्या नरसिंहरावांच्या अंगावर पोन्नाडै घातली गेली, आणि त्यांचं नाव लाउडस्पीकरवरून तीन वेळा, तीन भाषांत, बिनचूक उच्चारलं गेलं. त्यांना इतका आनंद झाला की ते हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं, दुखतंय.

त्या दुपारी डॉक्टर गुरुमूर्तींनी आपल्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर अंबुजाबाईंना घातलं आणि तंजावरच्या सरकारी इस्पितळाकडे गाडी हाकली. अंगात सणकून ताप, थंडी वाजून दात वाजत होते. गुरुवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता; यंत्राचा भाग परदेशातून यायला चार महिने लागणार होते, असं तंत्रज्ञाने रडत सांगितलं होतं. तंजावरला त्यांना जुन्या पद्धतीने चिरलं. खडा निघाला. उजवं पिंडही काढावं लागलं, कारण त्यात आता पूच होता. एका पिंडावर माणूस नीट जगतो, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे.

नरसिंहराव पायांना जाण येताच दुसऱ्या दिवशी टाऊन बस, मग मोठी बस, असे करत पोचले. शाल अंगावर तशीच होती. काढायचं सुचलं नव्हतं. डॉक्टर गुरुमूर्ति व्हरांड्यात भेटले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत.

“महिन्यापूर्वी केलं असतं,” ते म्हणाले, “तर दोन्ही राहिली असती. वीस मिनिटांचं काम होतं.”

नरसिंहराव बाकावर बसले आणि त्या जरीच्या काठात तोंड खुपसून ढसाढसा रडले. या वेळी लोकांना बरोबर कळलं, की दुखतंय. मग ते आत गेले. अंबुजाबाईंनी डोळे उघडले, शाल पाहिली.

“कार्य नीट झालें?”

“झालं.”

“हलवा पुरला?”

“उरला,” नरसिंहराव म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी शाल काढून बायकोच्या पायांवर घातली. वॉर्डातल्या नर्सने ती जंतूंच्या कारणावरून लगेच उचलून बाहेर ठेवली.

सभेचा त्या वर्षीचा अहवाल छापून आला आहे. त्यात म्हटलं आहे की लेझरने केलेल्या शस्त्रक्रियांची एकूण संख्या एक, यशस्वी एक, यशाचं प्रमाण शंभर टक्के, रक्तस्राव शून्य. परिशिष्टात आभार आहेत, त्यात बाविसावी ओळ ‘फराळ: सौ. अंबुजाबाई’ अशी आहे. त्रिविक्रमराव पुढल्या वर्षी अध्यक्ष झाले.

आता एवढंच राहिलं. टीव्हीवर तो गुलाबी बोगदा चालला होता ती पाऊण घटका अंबुजाबाई खाली, इस्पितळाच्या मागल्या नळापाशी, फरशीवर पडून होत्या. हाका मारत होत्या. वर टाळ्या चालल्या होत्या. त्यांच्या पोटात चौदा मिलिमीटरचा खडा आहे आणि महिना उलटून गेला आहे, हे त्रिविक्रमरावांना ठाऊक होतं, नरसिंहरावांना ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि दोन पानांपूर्वी मी तुम्हालाही सांगितलं होतं. सोहळ्याच्या अख्ख्या वर्णनात मी त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. बाई कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत का? नाही. तुम्ही आमच्याबरोबर टीव्ही बघत होतात, आणि फुटला म्हटल्यावर हसलात. तेव्हा सभासद व्हायचं असेल तर खुशाल या. अर्ज त्रिविक्रमरावांकडे मिळतो, आणि तुम्हाला छाननी लागणार नाही.